नोटीस आली आहे, सही करावी की कोर्टात जावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबईतल्या वस्तीत १९९२ पासूनचं घर आहे, वडिलांच्या नावावर. एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची योजना मंजूर झाली आहे. बिल्डर म्हणतो ५१ टक्के संमती झाली, पण तुमच्या गल्लीतल्या चाळीसेक घरांनी सही दिलेली नाही. पात्रता यादीत वडिलांच्या नावापुढे ‘अपात्र, पुरावा अपुरा’ असा शेरा आहे. आता दारावर नोटीस चिकटवून गेलेत की पंधरा दिवसांत घर रिकामं करा. गल्लीत वर्गणी काढून हायकोर्टात जायचं घाटतंय. तुम्ही विचारता, स्टे मिळेल का, की सरळ सही करून मोकळं व्हावं?

मी बरीच वर्षं झोपडीधारकांच्या बाजूने याच प्रकारची प्रकरणं चालवतो. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, आणि उत्तरातला बराच भाग त्या कागदांवर अवलंबून आहे, हे आधी सांगतो. पण एक गोष्ट कागद न बघताही दिसते. तुम्ही दोन वेगळ्या लढाया एकाच पिशवीत घातल्या आहेत. ही योजना, हा बिल्डर, ही संमती बरोबर आहे का, हा एक वाद. आणि या योजनेत तुमच्या वडिलांना घर मिळणार की नाही, हा दुसरा. पहिला वाद सगळ्या गल्लीचा आहे, दुसरा फक्त तुमचा. गल्ली पहिल्यासाठी पैसे जमवतेय आणि दुसऱ्याची मुदत मात्र गुपचूप संपत चालली आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सर्वांत जास्त नुकसान याच कारणाने झालेलं असतं. योजना थांबत नाही, आणि अपील केलेलं नसल्यामुळे घरही हातचं जातं.

म्हणून आधी नोटीस हातात घ्या आणि ती कोणी, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढली आहे ते बघा. एसआरए योजनेत सहसा महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ याच्या कलम ३३ आणि ३८ चा उल्लेख असतो. महापालिकेने काढली असेल तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातलं कलम असेल, उदाहरणार्थ ३५१ किंवा धोकादायक बांधकामासाठी ३५४. एमआरटीपी असं लिहिलेलं असेल तर तो १९६६ चा नगररचना कायदा. जमीन रेल्वेची किंवा विमानतळाची असेल तर केंद्राचा सार्वजनिक जागांबाबतचा १९७१ चा निष्कासन कायदा लागतो आणि मग खेळच वेगळा. प्रत्येकाची दाद मागायची जागा वेगळी आहे. एसआरएच्या बाबतीत कलम ४२ मुळे दिवाणी न्यायालयाचं दार जवळपास बंद असतं. सिटी सिव्हिल कोर्टात दावा टाकून देतो म्हणणाऱ्या माणसाला आधी हेच विचारा की ४२ चं काय करणार?

आणि नोटीस कोणाच्या सहीची आहे? बिल्डरच्या लेटरहेडवर, सोसायटीच्या शिक्क्याने आलेलं ‘रिकामं करा’ हे पत्र म्हणजे नोटीस नव्हे. अशा पत्राच्या जोरावर कोणी घराला हात लावू शकत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याची सही, जावक क्रमांक, सुनावणीची तारीख, यातलं काही नसेल तर ती धमकी आहे, आणि तिचं उत्तर लेखी तक्रारीने द्यायचं, एक प्रत एसआरएला, एक पोलीस ठाण्याला.

तुमची नोटीस ३३/३८ चीच आहे असं धरून पुढे लिहितो, कारण वर्णन तसं आहे.

आता वडिलांची पात्रता. ज्या यादीत नाव अपात्र दाखवलंय तिला परिशिष्ट-२ म्हणतात. ती सक्षम प्राधिकारी तयार करतो. जमीन कलेक्टरची असेल तर उपजिल्हाधिकारी, महापालिकेची असेल तर वॉर्डातले अधिकारी, म्हाडाची असेल तर म्हाडाचे. नियमाचा गाभा सोपा आहे. १ जानेवारी २००० किंवा त्याआधी त्या झोपडीत राहत असल्याचा पुरावा आणि आज प्रत्यक्ष वास्तव्य, या दोन्ही गोष्टी हव्यात. मग घर मोफत. त्यानंतरचे पण १ जानेवारी २०११ पर्यंतचे सशुल्क पुनर्वसनात येतात आणि त्यांच्यासाठी २०२३ मध्ये शासनाने अडीच लाख रुपये किंमत ठरवली. तुमचं घर १९९२ चं आहे म्हणजे तुम्ही पहिल्या गटात बसायला हवं. अडलंय ते पुराव्यापाशी.

‘पुरावा अपुरा’ हा शेरा मी इतक्या यादींत पाहिला आहे की त्यामागची कारणं आता पाठ झाली आहेत. सर्वेक्षणाच्या दिवशी घराला कुलूप होतं. मतदार यादीत आडनाव वेगळं छापलंय. लाइट बिल जुन्या मालकाच्या नावाने येतं कारण घर घेतल्यावर मीटर नावावर केलाच नाही. मतदार यादीत नाव आहे पण झोपडी क्रमांक नंतरच्या सर्वेक्षणात बदलला, त्यामुळे जुना आणि नवा क्रमांक जुळत नाही. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. मूळ धारक वारले आणि वारसांनी काहीच नोंदवलं नाही. यातलं जवळजवळ सगळं दुरुस्त होतं, पण आपोआप होत नाही. अपील करावं लागतं, आणि अपिलात ‘आम्ही तीस वर्षं इथेच राहतो’ या वाक्याला शून्य किंमत असते. किंमत असते ती त्या वाक्याला जोडलेल्या कागदाला.

कागद कुठून आणायचे? १९९५ आणि २००० च्या मतदार याद्यांचे प्रमाणित उतारे निवडणूक नोंदणी कार्यालयातून. वीज कंपनीकडून जोडणीची तारीख आणि जुन्या ग्राहकाचा तपशील, लेखी. फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाला मिळालेलं फोटोचं सरकारी ओळखपत्र, असेल तर सोनं. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, रेशनकार्ड, जुनी महापालिकेची सर्वेक्षण पावती, आईचं बाळंतपण महापालिकेच्या इस्पितळात झालं असेल तर तिथला केसपेपर. दुय्यम पुरावा एकटा पुरत नाही, पण मुख्य पुराव्यातली फट तो भरून काढतो. नावातल्या फरकासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. झोपडी क्रमांक बदलला असेल तर दोन्ही सर्वेक्षणांची प्रत माहिती अधिकारात मागा. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, म्हणजे ते तुमच्या पंधरा दिवसांत येणार नाही. तरीही अर्ज आजच टाका, कारण अपिलात ‘कागद मागितला आहे, पोच सोबत’ असं दाखवता येतं आणि अधिकाऱ्याला पुढची तारीख द्यावी लागते.

अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, हे त्या यादीखाली किंवा निर्णयाच्या पत्रात लिहिलेलं असतं. तिथून पुढे तक्रार निवारण समिती, आणि मग हायकोर्ट. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि कारण खरं लिहा. यादी कधी लागली हेच कळलं नव्हतं, वडील आजारी होते, जे असेल ते. अपिलासोबत अंतरिम अर्ज हवाच: निकाल लागेपर्यंत झोपडी पाडू नये, आणि पाडायचीच झाली तर मोजमाप, फोटो, पंचनामा करून वडिलांसाठी एक गाळा, म्हणजे नव्या इमारतीतलं घर, राखून ठेवावा. ही दुसरी मागणी लोक विसरतात. अधिकारी पहिली नाकारतो तेव्हा दुसरी देणं त्याला सोपं जातं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तीच कामाची ठरते.

हे झालं तुमच्या घराचं. आता गल्लीच्या लढाईकडे वळू.

विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधल्या झोपडपट्टी पुनर्विकासाच्या नियम ३३(१०) मध्ये संमतीची अट ५१ टक्के आहे. पूर्वी ती ७० होती. त्यामुळे ‘आम्ही चाळीस घरं सही देत नाही’ यावर योजना अडत नाही, जोपर्यंत उरलेल्यांची बेरीज ५१ च्या वर जाते. अल्पसंख्य झोपडीधारकांनी अख्खी योजना अडवून धरू नये, ही हायकोर्टाची भूमिका अनेक निकालांतून पक्की झालेली आहे. म्हणून केवळ ‘आमची संमती नाही’ एवढ्यावर स्टे मिळेल असं कोणी सांगत असेल तर तो वर्गणीवर डोळा ठेवून बोलतोय, असं मी म्हणेन.

पण ५१ टक्के खोटे असतील तर गोष्ट निराळी. टक्केवारी पात्र झोपडीधारकांच्या संख्येवर काढायची असते, सोसायटीच्या वहीतल्या सभासदांवर नाही. मयत माणसाचा अंगठा, कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या, गावाला गेलेल्या माणसाची सही, एकाच झोपडीच्या दोन संमती, हे प्रकार घडतात. ते शोधायचे तर परिशिष्ट-२ आणि संमतीपत्रांची यादी शेजारी शेजारी ठेवून नाव न् नाव ताडून पाहावं लागतं. हे काम वकील करत नाही, वस्तीतल्या दोन चिकाटीच्या माणसांनी करायचं असतं. बाया हे जास्त चांगलं करतात, कारण कोण कधी वारलं आणि कोण कधी घर विकून गेलं ते त्यांना तोंडपाठ असतं. अशी दहा-वीस नावं पुराव्यानिशी निघाली आणि ती वजा केल्यावर आकडा ५१ च्या खाली येत असेल, तर एसआरएच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आणि तिथून शिखर तक्रार निवारण समितीकडे जायला भक्कम आधार आहे. आकडा ६५ वरून ६० वर येत असेल तर फोर्जरीची पोलीस तक्रार होईल, पण योजना चालूच राहील.

दुसरा प्रश्न वेळेचा. योजना कोणत्या टप्प्यावर आहे? आशयपत्र म्हणजे एलओआय निघालं का, सीसी म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी मिळाली का, किती घरं आधीच रिकामी होऊन पाडली गेली? वस्तीतली बाकी बहुतेक कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत गेली असतील आणि तुमच्या चाळीस घरांमुळे त्यांची इमारत अडली असेल, तर न्यायाधीशांसमोर तुम्ही पीडित म्हणून उभे राहत नाही. तिथे ती कुटुंबं पीडित असतात. हे कडू आहे, पण कोर्टात जाण्याआधी माहीत असलेलं बरं. उलट एलओआय अजून निघालेलं नसेल तर आमसभेचं इतिवृत्त, विकासक निवडीची प्रक्रिया, त्याची आर्थिक ऐपत दाखवणारं परिशिष्ट-३, या सगळ्यावर बोट ठेवायला जागा असते.

सही न देण्याची किंमतही समजून घ्या. नियमावली असं म्हणते की स्वखुशीने सामील न होणाऱ्यांसाठीसुद्धा योजनेत गाळे धरायचे, पण गाळा निवडण्यात ते मागे पडतात, आणि शेवटपर्यंत आलेच नाहीत तर त्याच जागी बांधलेला गाळा मिळण्याचा हक्कच जाऊ शकतो. म्हणजे पात्र असलेल्या माणसाने अनंतकाळ ‘नाही’ म्हणत बसणं ही फुकटची भूमिका नाही. यावर मधला मार्ग आहे आणि मी तोच जास्त वेळा सुचवतो: हक्क अबाधित ठेवून, लेखी हरकत नोंदवून सामील होणं. पत्रात स्पष्ट लिहायचं की संमतीच्या खरेपणाबद्दल आणि विकासकाच्या निवडीबद्दल आमच्या हरकती कायम आहेत, त्या अमुक ठिकाणी दाखल आहेत, आणि सक्तीच्या कारवाईच्या भीतीने घराचा ताबा देत आहोत. अशाने गाळाही राहतो आणि वादही राहतो.

बिल्डर नकोसा असेल, काम रखडवत असेल, तर त्याला हटवण्याचा रस्ता वेगळा आहे आणि तो चालतो. झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली एसआरए विकासकाला काढून दुसरा नेमू शकते. बोरिवलीतल्या एका योजनेत दोन दशकं काम रेंगाळलं, विकासकाला काढलं, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२४ मध्ये हरला. यश डेव्हलपर्सचं प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई हायकोर्टाला सांगितलं की या कायद्याची अंमलबजावणी कशी होते याचाच आढावा घ्या. तेव्हा ‘बिल्डर नको’ ही तक्रार असेल तर ‘योजनाच नको’ असं लिहू नका. दोन्हींची कलमं वेगळी, निकालही वेगळे लागतात.

स्टे मिळेल का, याचं माझं उत्तर आता देता येईल. पात्रतेचं अपील प्रलंबित असताना आणि पुरावा वरवर पाहता ठीक दिसत असताना एका घरापुरतं संरक्षण मिळण्याची शक्यता बरी. नोटीस देऊन सुनावणीच घेतली नाही, हे दाखवता आलं तर शक्यता आणखी बरी, कारण म्हणणं ऐकल्याशिवाय घर पाडू नये हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालापासून मुरलेलं तत्त्व आहे. (त्याच निकालात नोटीस देऊन हटवता येतं असंही म्हटलंय, ते मात्र कोणी सांगत नाही.) अख्ख्या योजनेला स्टे, सीसी मिळाल्यानंतर, सही न दिलेल्या अल्पसंख्य घरांच्या सांगण्यावरून? त्यासाठी वर्गणी देताना मी हात आखडता घेईन.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बुलडोझर निकालाचं व्हॉट्सअॅपवर फिरणारं भाषांतर तुमच्यापर्यंतही आलं असेल. पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश, हे त्यात आहे. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदीपात्र अशा सार्वजनिक ठिकाणची अनधिकृत बांधकामं आणि जिथे न्यायालयाचाच पाडकामाचा आदेश आहे ती प्रकरणं त्यातून वगळली आहेत. पुनर्वसन योजनेतल्या ३३/३८ च्या नोटिशीवर तो निकाल जसाच्या तसा बसत नाही. प्रक्रिया पाळली नाही हे सांगताना त्याचा आधार जरूर घ्या, त्याच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्याबद्दल मात्र लक्षात असू द्या: १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहती घरं पाडू नयेत असा २०२१ चा शासन निर्णय आहे. तारखा त्या काळात येत असतील तर अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात तो टाका.

घर सोडायची वेळ आली तर भाड्याच्या बाबतीत भिडस्तपणा करू नका. लोक कोर्टात लाख रुपये घालतात आणि भाड्याच्या करारावर न वाचता सही करतात, हे मला कधीच कळलेलं नाही. एसआरएने विकासकाला दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करणं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश देणं बंधनकारक केलं आहे. ते जमा झालं का, हे एसआरएत लेखी विचारा. करार वैयक्तिक हवा, सोसायटीचा एकत्र पुरत नाही. त्यात गाळ्याचं चटईक्षेत्र हवं. सध्या निवासी गाळा ३०० चौरस फूट, म्हणजे २७.८८ चौरस मीटर आहे. जुन्या योजनेत २६९ असू शकतं, एलओआय बघा. भाडं किती, दरवर्षी वाढ किती, कधीपर्यंत, थकलं तर काय, हे सगळं लिहिलेलं हवं. गाळा पती-पत्नी दोघांच्या नावाने मिळतो, आईचं नाव करारात आहे का बघा. मूळ कागद कोणाच्याही हाती द्यायचे नाहीत, बिल्डरच्या माणसाच्या नाही आणि कमिटीच्या सेक्रेटरीच्या तर मुळीच नाही. झेरॉक्स द्या, पोच घ्या.

तोडक कारवाईची गाडी अपिलाच्या निकालाआधीच आली तर आदेशाची प्रत मागा, अपिलाची पोच दाखवा, सगळं मोबाइलवर शांतपणे रेकॉर्ड करा आणि पंचनामा करायला लावा. पंचनाम्यात घरातलं सामान आणि त्या क्षणी घरात राहणारी माणसं लिहून घ्या, पुढे वास्तव्याचा तोच पुरावा होतो. अंगावर मात्र जाऊ नका. हल्ला किंवा बळजबरी करून सरकारी कामात अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, ते अजामीनपात्र आहे, आणि गल्लीतली कमावती पोरं आत गेली की उरलेले दोन दिवसांत सह्या करतात. हे बिल्डरच्या माणसांना तुमच्याहून चांगलं ठाऊक असतं. चिथावणी बऱ्याचदा तिथूनच येते.

तेव्हा क्रम असा ठेवा. उद्या नोटिशीला लेखी उत्तर, सुनावणीची मागणी करून. या आठवड्यात मतदार यादीचा उतारा आणि वीज कंपनीचं पत्र मिळवून वडिलांचं अपील, अंतरिम अर्जासह. त्याच वेळी गल्लीतल्या दोघा-तिघांनी संमतीची यादी ताडून पाहायची. आकडा ५१ च्या खाली येतोय असं दिसलं तरच वर्गणीचा विचार, आणि तोही प्रत्येक अपात्र घराचं स्वतंत्र अपील दाखल झाल्यावर. चाळीसांपैकी किती घरं पात्र आहेत आणि किती अपात्र, हे आधी मोजा. पात्र घरांना चांगल्या अटी हव्या असतात, अपात्रांना छप्पर हवं असतं, आणि एकाच याचिकेत दोघांना बांधलं की बिल्डर पात्रांना चार पैसे जास्त देऊन फोडतो.

नोटिशीवरचं कलम, तिची तारीख, जमीन कोणाची आहे आणि यादी कधी प्रसिद्ध झाली, एवढ्या चार गोष्टी कळवल्यात तर अपील नेमकं कोणाकडे करायचं ते सांगता येईल. वडिलांचं २००० च्या मतदार यादीतलं नाव मात्र माझ्या उत्तराची वाट न बघता शोधायला लागा.